पहिल्या वळणापर्यंत गप्प

पाय मोडला तेव्हा मला आधी राग आला आणि मग दुखलं. गणपती जाऊन चार दिवस झाले होते, बांध निसरडा होता, आणि मी नेहमीप्रमाणे घाईत होते. डावा घोटा गेला. डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. माझं सगळं काम शिलाई मशीनवरचं, आणि मशीन पायानं चालवायची. म्हणजे घरात बसून कौलं मोजायची, एवढंच राहिलं.

घरात आम्ही दोघंच, अप्पा आणि मी. आई जाऊन पाच वर्षं झाली. माझं लग्न का झालं नाही ते विचारू नका, विचारणाऱ्यांना मी आजवर सरळ उत्तर दिलेलं नाही. धाकटा भाऊ गोव्यात हॉटेलात कामाला, तो सणाला येतो आणि दोन दिवसांत कॅसलरॉक स्टेशनहून गाडी पकडून परत जातो. आमच्या वाडीत फोनला रेंज नाही. रेंज पाहिजे तर टेकाडावरच्या फणसाखाली जाऊन हात वर करून उभं राहायचं, आणि मोडका पाय घेऊन टेकाड कोण चढणार? पायाचं कळल्यावर भाऊ मधेच एक दिवस येऊन गेला, आणि माझी दशा बघून त्यानं जाताना आपलं गेम खेळायचं यंत्र माझ्या मांडीवर टाकलं. दोन हातांत मावेल एवढं, मधे काच, दोन्ही बाजूंना बटणं. रेंज लागत नाही, वेळ जाईल, असं म्हणाला आणि जीपमध्ये बसला.

त्यात एकच गेम होता, आणि तो भीतीचा होता. समुद्रातल्या एका बेटावर बंद पडलेला दवाखाना, आणि त्यात अडकलेली एक नर्स. हातात बॅटरी, पिस्तुलात तीन गोळ्या, खांद्याला पिशवी, तीत सहाच वस्तू मावणार. दवाखान्यात एक उंच, वाकलेला माणूस फिरत असतो. माणूस म्हणायचं आपलं. त्याला डोळे नाहीत, कपाळापासून नाकापर्यंत सपाट कातडी. तो ऐकून शिकार करतो. मी त्याचं नाव आंधळा ठेवलं.

पहिल्या दिवशी मी सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, अंगणात कोंबड्या दाणे टिपत असताना भ्याले. माझा विश्वास बसेना. इथल्या रानात वाढलेली बाई मी, साप काठीनं बाजूला सारणारी, आणि तळहाताएवढ्या काचेतल्या चित्राला भिऊन माझे हात घामानं ओले झाले. काच लहान होती म्हणूनच तसं होत असावं. बारीक दिसतं म्हणून तोंड जवळ न्यावं लागतं, आणि तोंड जवळ नेलं की पडवी, अंगण, कोंबड्या सगळं नाहीसं होतं. कानांत वायरी घातल्या की तो आंधळा उजवीकडच्या खोलीत आहे की जिन्यावर, हे नुसत्या पावलांवरून कळायचं. त्याचा श्वास मानेवर आल्यासारखा वाटायचा. मी दोनदा मागं वळून बघितलं, आणि मागं आमची भिंत होती.

आणि खोड्या तरी किती. खेळ जपून ठेवायचा तर भिंतीवरचं घड्याळ सापडलं पाहिजे, आणि घड्याळं अख्ख्या मजल्यावर एखाद-दुसरंच. त्याआधी मेलात तर तासाभराचं सगळं पाण्यात. पिशवीत चावी घ्यायची तर औषध टाका, औषध घ्यायचं तर चावी टाका. उजवीकडचं एक बटण अडकायचं, आणि ते नेमकं पळायचं बटण. करंट गेला की दुपारपर्यंत डबी थंड. पण या सगळ्यांपेक्षा मोठी खोड वेगळीच होती. त्या यंत्राला कान होता.

कसा ते सांगते. काचेच्या कोपऱ्यात एक बारीक कान काढलेला असायचा. शांत असलं की पांढरा, थोडा आवाज झाला की पिवळा, मोठा झाला की लाल. आधी मला वाटलं, गेममधल्या नर्सच्या पावलांचा आवाज असेल. मग एकदा आमच्या कोंबड्यानं बांग दिली आणि तो कान लाल झाला. आंधळ्यानं मान वळवली आणि धावत येऊन नर्सला धरलं. यंत्राला कुठंतरी बारीक भोक होतं आणि त्यातून ते आमच्या घरातलं सगळं ऐकत होतं. मी शिंकले तर नर्स मरायची. तिकडं बेटावर हिंडणाऱ्या त्या बिनडोळ्याच्या माणसाला आमच्या पडवीतलं ऐकू येत होतं.

शहाण्या माणसानं ते तिथंच ठेवून दिलं असतं. मला तर त्याची चटक लागली. दिवसभर पडवीत मुकी बसायची, नाकानं श्वास घ्यायची. भीतीत एक सुख असतं, कोणी मान्य करो न करो. मोडलेला पाय, बंद मशीन, पुढचे सगळे सारखेच दिवस, त्यातलं काही तेवढा वेळ आठवत नसे.

आता अप्पांच्या खाकरण्याबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. अप्पा कुठंही मुकाट्यानं जात नाहीत. घराच्या पायरीवर पाय ठेवण्याआधी खाकरतात. गोठ्यात शिरताना खाकरतात. घरामागून पायवाट रानात शिरते, तिच्या पहिल्या वळणावर किंदळाचं मोठं झाड आहे, तिथं पोचले की काठी बुंध्यावर आपटतात आणि होऽऽ करून लांब हाक देतात. तशीच पुढच्या प्रत्येक वळणावर, ओढा ओलांडून शेत येईपर्यंत. याला आमच्याकडं वर्दी देणं म्हणतात. पावसाळ्यानंतर रान छातीएवढं वाढलेलं असतं, हाताच्या अंतरावरचं दिसत नाही. वाघ आपला आपण बाजूला होतो. अस्वलाचं तसं नाही. ते वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढत असलं की त्याला स्वतःच्या फुरफुरण्यापुढं काही ऐकू येत नाही, आणि माणूस एकदम अंगावर आला की ते घाबरतं आणि तोंडावरच झेप घेतं. म्हणून लांबूनच आवाज द्यायचा, म्हणजे ते वाट सोडतं. लहानपणी अप्पांच्या मागून चालताना मीही बारीक आवाजात होऽऽ करायची. मला माहीत नव्हतं असं मी कुणालाही सांगू शकत नाही.

पण अप्पा खाकरले की कान लाल. अप्पांनी पायरीवर काठी टेकली की पिवळा. आणि पहिल्या वळणावरची ती हाक पडवीपर्यंत खणखणीत यायची. आधी आधी मी नुसतं बोट ओठांवर ठेवायची. अप्पांना गंमत वाटायची. जेवताना विचारायचे, तुझा आंधळा आज जेवला का, का उपाशीच हाय? अंगणात आले की आधी माझ्या कानांकडं बघायचे. वायरी दिसल्या की चोरपावलांनी आत जायचे. सत्तरीचा माणूस स्वतःच्या घरात पाय न वाजवता चालायला लागला, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एके दिवशी मी तिसऱ्या मजल्यावर होते. एकच गोळी शिल्लक. शेवटचं घड्याळ सोडून बराच वेळ झाला होता, आणि पुढचं घड्याळ समोरच्या भिंतीवर दिसत होतं, दहा पावलांवर. आंधळा पाठमोरा उभा. मी बटण इतकं हळू दाबत होते की अंगठ्यात गोळा आला. तेवढ्यात मागून होऽऽ. कान लाल झाला, आणि संपलं.

दुपारी अप्पा जेवायला आले तेव्हा मी ताट वाढलं नाही.

"तुमच्या हाकेपायी मी मेले," मी म्हणाले.

"मेलीस तर बोलतीस कशी, बाय?" अप्पा हसले.

त्यांच्या हसण्यानं मी भडकले. काय काय बोलले ते आता लिहायलाही लाज वाटते. दिवसभर पांगळी होऊन पडलेय, एवढं एक करमणुकीचं साधन आहे, तेही तुम्हाला बघवत नाही. रोज उठून बोंबलायची काय गरज? घराजवळ कुठलं जनावर येतंय? बोलता बोलता रडायलाच लागले. अप्पा हसायचे थांबले. हात धुऊन स्वतःच भात वाढून घेतला, चार घास खाल्ले आणि म्हणाले, "बरं. पहिलं वळण गप जातो. व्हळापल्याड गेलो की वरडीन. मग तर झालं?"

मी व्हय म्हणाले. डोळे पुसून पुन्हा वायरी कानांत घातल्या.

आठ दिवस असेच गेले. मी चौथ्या मजल्यावर पोचले. अप्पा सकाळी निघायचे, किंदळापाशी गप्प, दुसऱ्या वळणावरही गप्प, आणि ओढ्यापलीकडं गेल्यावर वर्दी द्यायचे, ती मला ऐकू यायची नाही. एका संध्याकाळी ते पडवीत येऊन बसले आणि काहीतरी सांगू लागले. मी एका कानातली वायर काढली. किंदळाजवळचं वारूळ कुणीतरी उकरलंय, माती ताजी आहे, असं म्हणत होते. मी काचेवरची नजर न काढता नुसतं हं म्हणाले. त्यांनी जरा वेळ वाट बघितली आणि मग उठून गुरांना गवत घालायला गेले.

दोन दिवसांनी सकाळी धुकं होतं. कौलांवरून पाणी ठिबकत होतं. अप्पा चहा पिऊन बाहेर पडले, जाताना माझ्या कानांकडं बघितलं, वायरी होत्या, म्हणून हातानंच जातो म्हणून खूण केली. मी मान हलवली. आंधळा बाजूच्या खोलीत होता आणि मला त्याच्या दारावरून जायचं होतं.

थोड्या वेळानं कोपऱ्यातला कान लाल झाला.

मी काही केलं नव्हतं. शिंक नाही, खोकला नाही. मला काही ऐकूही आलं नाही, माझ्या कानांत फक्त आंधळ्याचा श्वास होता. एरवी लाल झालेला कान क्षणात पांढरा व्हायचा. हा लालच राहिला. मी मनात कोंबड्यांना शिव्या दिल्या. आंधळ्यानं मान वळवली. मी नर्सला कपाटात लपवलं आणि श्वास रोखायचं बटण दाबून धरलं, आणि तिच्यासोबत माझाही श्वास रोखला. कान लाल. आंधळा कपाटासमोर येऊन उभा राहिला. मी हलले नाही. कान क्षणभर पिवळा व्हायचा आणि पुन्हा लाल. मला इतकी भीती वाटत होती की डोळ्यांत पाणी आलं. माझं सगळं लक्ष त्या कपाटाच्या फटीवर होतं. मग दार उघडलं आणि नर्स मेली.

काच काळी झाली. तिच्यात माझंच तोंड दिसलं. वैतागून मी वायरी ओढून काढल्या, आणि तेव्हा मला ऐकू आलं.

घरामागून येत होतं. एक आवाज अप्पांचा होता. त्यात शब्द नव्हते. दुसरा घुरघुरल्यासारखा, ओला, थांबत थांबत येणारा. तो कशाचा हे मला एका क्षणात कळलं. या भागात वाढलेल्या कुणालाही कळलं असतं.

इथं एक गोष्ट खरी सांगायची आहे. मी लगेच उठले नाही. पाचावर धारण बसणं म्हणतात ते काय असतं ते मला तेव्हा समजलं. मी पडवीत तशीच बसून राहिले, श्वास रोखून, आणि माझा अंगठा त्या श्वास रोखायच्या बटणावर घट्ट दाबलेला होता. महिनाभर मी हेच शिकले होते. हलायचं नाही, आवाज करायचा नाही, जाईल तो. किती वेळ गेला असेल? चार श्वासांचा, पाच श्वासांचा. तेवढ्या वेळात अप्पा दोनदा ओरडले. तो वेळ मला कधीच परत मिळणार नाही.

मग मी यंत्र फेकलं. चुलीपाशी परात होती, फुंकणी होती. कुबडी सापडेना, म्हणून बसूनच पायरी उतरले आणि परातीवर फुंकणी बडवत फरफटत निघाले. आयुष्यात कधी केला नसेल एवढा आवाज केला. होऽऽ करून ओरडले, घसा फाटला. धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं. अस्वल आता माझ्याकडंच वळलं तर, हा विचार प्रत्येक वेळी परात बडवताना येत होता, आणि तरी हात थांबत नव्हता. शेजारची काकी कोयता घेऊन पळत आली, तीही ओरडत. पुढं झुडपं मोडत काहीतरी जड धावत गेलं. आम्हाला ते दिसलं नाही.

अप्पा किंदळाला टेकून बसले होते. चेहऱ्याचा उजवा भाग त्यांनी हातानं जागेवर धरून ठेवला होता. बोटांमधून रक्त गळत होतं. मला बघून त्यांनी दुसऱ्या हातानं खूण केली. आधी मला कळलं नाही. ते मला मागं जा म्हणत होते, मोडका पाय घेऊन इथं कशाला आलीस म्हणून.

घरापासून दीडशे पावलंही नसतील. तेच ते पहिलं वळण.

जीप मिळाली, रस्ता कसा संपला आठवत नाही. काकीनं अप्पांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी त्यांचा हात धरून सारखी बडबडत होते, कारण ते गप्प होते आणि गप्प माणसाजवळ बसायची मला भीती वाटत होती. मोठ्या दवाखान्यात टाके घातले, गालाला, डोक्याला. जबडा मोडला होता, तो तारेनं बांधला. डोळा वाचला. जीवही वाचला, पण हे आम्हाला तिसऱ्या दिवशी सांगण्यात आलं. तोपर्यंतच्या दोन दिवसांतलं सांगण्यासारखं काही नाही. मी दाराबाहेरच्या बाकावर बसून आत कोणी खाकरतंय का ते ऐकत होते.

भाऊ धावत आला. त्याला मी सगळं सांगितलं, कुणाला तरी सांगायलाच पाहिजे होतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "अक्का, तो माईक बंद करता येतो की. सेटिंगमध्ये हाय." आणि म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच काय बोललो ते कळलं आणि तो उठून पाणी आणायला गेला.

सेटिंगचं ते पान मी कधी उघडलंच नव्हतं. बारीक अक्षरं, इंग्रजी, कोण वाचत बसणार. एक बटण दाबायचं होतं आणि अप्पा रोजच्यासारखे ओरडत शेतावर गेले असते. मी यंत्राचे कान बंद करायचे सोडून बापाचं तोंड बंद केलं. गेम वाईट आहे असं मी आजही म्हणणार नाही. त्या सकाळी त्यानं अप्पांची हाक ऐकली होती. माझ्या घरात ती ऐकणारं ते एकटंच होतं, आणि ते मला सांगतही होतं, लाल होऊन, पुन्हा पुन्हा.

अप्पांना भेटायला वाडीतली माणसं आली. जबडा मोकळा झाल्यावर, अर्ध्या तोंडानं, ते सगळ्यांना एकच सांगायचे. चूक माझीच, वर्दी दिली न्हाई. माणसं चुकचुकायची. एवढा जाणता माणूस कसा विसरला म्हणायची. मी बाजूला उभी असायची. अप्पांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही तेव्हा.

महिन्याभरानं भात कापणीला आला. माझं प्लास्टर निघालं होतं, थोडी लंगडत होते. एका सकाळी कणीक मळताना सहज मागं वळले, तर अप्पा पायरीखाली उभे. कधीपासून उभे होते कोण जाणे. खाकरले नव्हते. माझ्या कानांकडं बघत होते. यंत्र भावानं केव्हाच परत नेलं होतं, तरी बघत होते. मी केस मागं सारून दोन्ही कान उघडे करून दाखवले.

त्यांनी काठी घेतली. शेतावर जाऊन येतो म्हणाले. मी हात धुतले आणि त्यांच्या पुढं झाले. ते नको नको म्हणत होते, मी ऐकलं नाही. घरामागं आलो. रान तसंच उभं होतं, छातीएवढं, ओलं. किंदळ दिसू लागला. अप्पांनी थांबून बुंध्यावर काठी आपटली आणि तोंड उघडलं. जबडा बोटभरच उघडला. नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा ओरडून बघितलं. पुन्हा हवाच.

मग मी ओरडले. होऽऽ. आवाज रानात लांब गेला. उकरलेल्या वारुळावर पुन्हा गवत आलं होतं. काही हललं नाही. मी परत ओरडले, आणि परत, रडत रडत, थांबताच येईना.

मागून अप्पांनी माझ्या पाठीवर काठीचं टोक हळूच टेकवलं.

"हळू वरड की, बाय," ते अर्ध्या तोंडानं म्हणाले. "तुझा आंधळा ऐकंल."

मी डोळे पुसले आणि आणखी मोठ्यानं हाक दिली.